पॅलेस थिएटर आणि आपण बायका

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी लेख लिहावा असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे याखेरीज फारसे लिहिण्याचा प्रसंग आला नाही. पण त्या म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ आल्या आहेत, तुम्ही आपल्या नाट्यगृहाविषयी लिहा. तुमच्या घरात त्याच्या गोष्टी आहेत." मग मात्र नाही म्हणवेना. वाचनालयातून दोन-चार पुस्तके आणली, जपून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे काढली आणि लिहावयास बसले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या कोल्हापुरात नाटक पाहावयाचे म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. देवल क्लब आहे, शाहू स्मारक भवन आहे, तेथेही कार्यक्रम होतात. पण 'नाटकाला जाते' असे सांगून बाई घराबाहेर पडली की तिची पावले खासबागेकडेच वळत. मी लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तेव्हा माझ्या आजेसासूबाई हयात होत्या. त्या अखेरपर्यंत 'पॅलेस थिएटर' असेच म्हणत. नाव बदलले १९५७ साली, पण त्यांच्या तोंडून जुने नाव काही गेले नाही. त्या म्हणत, "मी आणि ते थिएटर एका वयाचे." जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण थिएटर उभे राहिले त्या साली आपण पाळण्यात होतो, असे त्यांना आईने सांगितले होते.

ते साल १९१५. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेस गेले होते, तेव्हा रोम शहरातले जुने मैदान त्यांनी पाहिले. तसे मैदान आपल्या पैलवानांसाठी असावे असे त्यांच्या मनात आले, आणि खासबागेत कुस्तीचे मैदान झाले. त्याच्याच अंगाला नाटकाचे थिएटर बांधावयास १९१३ मध्ये सुरुवात झाली. एका हाताला कुस्ती आणि एका हाताला गाणे! मला या गोष्टीचे फार नवल वाटते. इकडे शड्डू, तिकडे पायपेटी. राजा तालमीचा शौकीन होता हे सर्वांस ठाऊक असते, पण अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयाला पदरी बाळगणारा तोच राजा होता.

त्याआधी आपल्याकडे नाटके होत नव्हती असे नाही. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून मराठी नाटक सुरू झाले असे मानतात. नाटक कंपन्या गावोगाव फिरत. वाड्याच्या चौकात नाही तर मांडव घालून खेळ व्हावयाचे. पाऊस आला की खेळ बंद. पक्के दगडी थिएटर, नाटकवाल्यांना उभे राहावयास हक्काची रंगभूमी, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी बांधणी, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. मायक्रोफोन नव्हता, हे ध्यानात घ्या. गाणाऱ्याने नुसत्या गळ्यावर सारे थिएटर भरून टाकावयाचे. आपण मंडळाच्या सभेत माइक बंद पडला की दहा मिनिटांत घसा धरून बसतो!

ज्यांचे नाव या थिएटरला आहे ते केशवराव भोसले इथलेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, अगदी बालपणीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. तेथे त्यांनी शारदेचे काम केले. 'शारदा' हे गोविंद बल्लाळ देवलांचे नाटक १८९९ सालचे. पैशासाठी बाप आपल्या कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधावयास निघतो, अशी त्याची कथा. (बालविवाहाचा 'सारडा कायदा' या नाटकावरून झाला असे पुष्कळजणी समजतात, मीही समजत होते. तो १९२९ चा कायदा हरविलास सारडा या गृहस्थांच्या नावाने आहे. नाटकाचा आणि त्याचा विषय तेवढा सारखा.) बाईचे दुःख सांगणारे ते नाटक, शारदा होऊन उभा असलेला एक पोरका दिसणारा मुलगा, आणि ते पाहून पदर डोळ्यांस लावणाऱ्या बायका. कसे दिसले असेल, याचा मी कधीकधी भांडी घासताना विचार करते.

केशवरावांनी १९०८ च्या पहिल्याच दिवशी हुबळीस 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली. वय अवघे सतरा. या कंपनीची एक गोष्ट आपण बायकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९१२ मध्ये त्यांनी 'दामिनी' हे नाटक रंगभूमीवर आणले, ते हिराबाई पेडणेकर या बाईंनी लिहिलेले होते. हिराबाई सावंतवाडीच्या, कलावंत घराण्यात जन्मलेल्या. मराठीत ज्या बायकांनी प्रथम नाटके लिहिली त्यांत त्यांचे नाव घेतात. त्या काळी अशा घरातल्या बाईने गाणे ऐकवावे, एवढीच लोकांची अपेक्षा. तिने लिहावे, आणि नामांकित कंपनीने ते करावे, हे साधे नव्हते. पुढे मात्र त्या मुंबई सोडून कोकणात राहिल्या आणि १९५१ मध्ये वारल्या तोवर लोक त्यांना विसरूनही गेले होते. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून 'कस्तुरीमृग' नाटक लिहिले, ते १९७६ मध्ये.

तर नाटक बाईने लिहिले तरी त्यातली बाई पुरुषच व्हावयाचा. सर्व नावाजलेल्या संगीत कंपन्यांची हीच रीत होती. बालगंधर्वांचे नाव तर घरोघर होते. आजेसासूबाई सांगत की त्या लहान असताना त्यांच्या आईने त्यांना बालगंधर्वांचे नाटक दाखवावयास नेले. घरी आल्यावर त्यांनी विचारले, "ती बाई कुणाच्या घरची गं?" आईने सांगितले की ती बाई नव्हे, बाप्या आहे, तर त्यांनी दोन दिवस विश्वास ठेवला नाही. त्यांच्या आईचे लक्ष निराळीकडे होते. पदर कसा घेतला, गजरा कुठे माळला, निऱ्या किती घातल्या, हे बायका डोळ्यांत साठवून घेत आणि घरी येऊन तसे करून पाहत. म्हणजे बाईने कसे दिसावे हे एक पुरुष शिकवी आणि खऱ्या बायका शिकत. आज पुरुषाने लुगडे नेसले की आपल्याला हसू फुटते. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त तर तो हसवण्यासाठीच नेसतो. तेव्हा कोणी हसत नसे.

बायकांची बसावयाची जागा निराळी असे. आजेसासूबाईंच्या आठवणीप्रमाणे तान्ही मुले मांडीवर, फडक्यात बांधलेल्या दशम्या जवळ, आणि खेळ पहाटेपर्यंत. मुले रडू लागली की पुरुषांच्या बाजूने आरडाओरडा होई. निम्मे नाटक मूल थोपटण्यात जाई आणि उरलेले पुढच्या बायकांच्या डोक्यांमधून पाहावे लागे. तरी घरी येऊन त्या पदे म्हणत. एकदा ऐकलेले पद त्यांना अर्धे पाठ होई, दुसऱ्यांदा पुरे. शाळेत गेलेल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगते.

केशवरावांचा आणि बालगंधर्वांचा एकत्र खेळ झाला तो ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबेही आपल्याच बाजूचे. त्या एका रात्रीविषयी लोकांनी इतके लिहिले आहे की मी त्यात काय भर घालणार! एवढेच सांगते, की त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. एकतिसावे वर्ष लागलेले होते, ते सरून थोडेच दिवस झाले होते. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात महाराजही गेले.

आता बायका स्वतः रंगभूमीवर कशा आल्या ते थोडक्यात सांगते. निव्वळ बायकांच्या काही कंपन्या आधीही होत्या, पण त्यांना घरंदाज लोक नाक मुरडत. सिनेमाने मात्र आपल्या गावातच एक पाऊल पुढे टाकले. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' चित्रपट काढला आणि त्यात बायकांची कामे बायकांनाच दिली. काम करणाऱ्या दोघींना त्यासाठी लोकांचे बोल खावे लागले. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये कोल्हापुरातच तयार झाला; त्यात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, आणि शिकलेल्या, चांगल्या घरच्या बाईने काम केले म्हणून केवढी चर्चा झाली. नाटकात हिराबाई बडोदेकरांनी बहीणभावांना घेऊन कंपनी चालवली. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आले, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामे केली. हळूहळू लुगडे नेसणाऱ्या पुरुषांचे दिवस संपले. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू झाल्या, त्यात नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या कितीतरी मुली या थिएटरात उभ्या राहिल्या.

हे सारे खरे, पण गाणारी, बोलणारी बाई लोकांनी मानली, तरी नाचणारी बाई मानावयास फार वेळ लागला. आपल्याकडे नाच म्हटला की तमाशा, लावणी, आणि ते पाहावयाचे पुरुषांनी. लावणी करणाऱ्या बाईचे बोट, डोळा, घुंगरू यांत किती वर्षांची मेहनत असते ते पाहण्याची आपल्याला मुभाच नव्हती. आता 'खास महिलांसाठी' म्हणून लावणीचे कार्यक्रम नाट्यगृहांतून होतात. मी असा एक कार्यक्रम पाहिला. आपल्या बायकांनी शिट्ट्यासुद्धा मारल्या, माझ्या शेजारच्या बाईंनी तर टाळ्या वाजवून बांगडी फोडून घेतली. नाव सांगत नाही, त्या हा लेख वाचणार आहेत.

बाईचा दुसरा नाच म्हणजे झिम्मा-फुगडी. तो आपण जन्मापासून करतो, पण त्याला कोणी नाच म्हणत नाही. अंगणात करावयाचा, श्रावणात करावयाचा, पुरुष माणूस आले की थांबावयाचे. आपल्या मंडळाने तो थिएटरात करावयाचे ठरवले, तेव्हा माझ्या घरी जे झाले ते येथे लिहिते. सासऱ्यांची परवानगी घेतली आहे.

मंडळाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम केशवराव भोसले नाट्यगृहात घेण्याचे त्या वर्षी प्रथमच ठरले. घागर घुमवणे, सूप नाचवणे, काटवट कणा, पिंगा, बसफुगडी, असे पाऊण तासाचे बसवले होते. मी पिंग्यात आणि घागरीत होते. घरी सांगितले तर मामंजी जेवता जेवता थांबले. ते तसे रागीट नाहीत. पण म्हणाले, "अंगणात खेळा की. तिकीट लावून आपल्या घरची बाई नाचवायची म्हणजे काय?" तिकीट नव्हतेच, पास होते, पण तो मुद्दा नव्हता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना स्वतःला शाळेच्या संमेलनात नाचावयाचे होते आणि वडिलांनी वेणी धरून घरी आणले होते, हे मला पुढे कळले. मी मनाशी ठरवले की उद्या जाऊन नाव काढून घ्यावे.

आजेसासूबाई तेव्हा नव्वदी ओलांडून कॉटवर असत. ऐकू कमी येई, पण नको ते नेमके ऐकू येई. त्या आतून म्हणाल्या, "बाप्ये लुगडी नेसून त्याच थेटरात नाचलं, तवा बघायला तुझा बाच पयला पळायचा. आता लुगडंवालीच नाचती तर तुला काय झालं?"

मामंजी उठले, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी ढोलकीवाल्याची चौकशी करून आले.

भगिनींनो, त्या रंगमंचावर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला काय वाटले ते मला नीट सांगता यावयाचे नाही. वरून दिवे तोंडावर येतात, त्यामुळे पुढचे काही दिसत नाही. नुसता काळोख, आणि त्यात माणसे आहेत एवढे कळते. लाकडी फळ्यांवर आपण फेर धरला, तेव्हा पावलांचा जो आवाज उठला तो अंगणात कधी उठला नव्हता. मातीत पाऊल वाजत नाही हो! चाळीस वर्षे मी, म्हणजे त्या वेळी तीसच, फुगडी खेळत होते आणि माझ्या पावलांचा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला. घागर फुंकली तर ती साऱ्या थिएटरात घुमली, माइक नसताना. तेव्हा मला ती जुनी माणसे गळ्यावर थिएटर कसे भरत ते समजले. घरी आल्यावर आजेसासूबाईंना सारे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "बायका कुठं बसल्या होत्या?" मी म्हटले, "सगळीकडं." तर म्हणाल्या, "पुढं बी?" "पुढं बी." त्या वर्षभरात त्या गेल्या.

त्यानंतर आपण तेथे बरेच कार्यक्रम केले. ते सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहे, विस्तार करीत नाही.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. आमच्याकडे आदल्या दिवशी भावासाठी उपवास असतो, तो मी धरला होता. रात्रीची भांडी आवरून दिंडांसाठी डाळ निवडत बसले होते. कोणाच्या तरी धाकट्या मुलाने जिन्यातून ओरडून सांगितले, "खासबागेत आग!" गच्चीवर गेलो. त्या बाजूचे आभाळ लाल झालेले. बंबांचे आवाज एकामागून एक येत होते. मी पहिल्यांदा मनाशी म्हटले, दुसरे काही तरी असेल, एखादे दुकान असेल. मामंजी कठडा धरून उभे होते. ते म्हणाले, "थेटर हाय." मग कोणी काही बोलले नाही. खाली रस्त्याने माणसे मिरजकर तिकटीकडे पळत होती. गच्चीवर आम्ही सहा-सात बायका, हातावर पंचमीची ओली मेंदी लावलेल्या, तशाच उभ्या. डोळे पुसावेत तर हाताला मेंदी.

नागपंचमीला आपण चिरत नाही, कापत नाही, चुलीवर तवासुद्धा ठेवत नाही. आणि त्याच पहाटे शंभरावर वर्षांचे लाकूड धुमसत होते. योगायोग असा की तो दिवस, ९ ऑगस्ट, केशवरावांच्या जन्माचा. जयंतीला जमणारी कलावंत मंडळी त्या दिवशी जमली ती जळलेल्या भिंतींपुढे. आम्ही दुपारी गेलो, लांबूनच पाहिले. दर्शनी दगडी भिंती उभ्या होत्या. छप्पर नाही, खुर्च्या नाहीत, रंगमंच नाही. एक म्हातारे गृहस्थ पोरासारखे रडत होते. ते कोण, नट होते की पडदा ओढणारे होते, आम्हांस ठाऊक नव्हते. पण आमच्यातली एकजण त्यांना पाण्याची बाटली देऊन आली.

मला त्या फळ्यांचे वाईट वाटले. दुसरे थिएटर होईल, चांगले होईल, खुर्च्या मऊ येतील. पण ज्या फळ्यांवर बाई होण्यासाठी पुरुषांनी पावले मोजून टाकली आणि शेवटी आपण बायकाच आपल्या पावलांनी नाचलो, त्या फळ्या काही परत यावयाच्या नाहीत. माझे मिस्टर म्हणाले, फळ्या मधल्या काळात बदललेल्याच असतील, थिएटरचे नूतनीकरण झाले नव्हते का? असेल. पुरुषांना असे मुद्दे बरोबर सुचतात.

सरकारने थिएटर होते तसेच पुन्हा उभारावयाचे ठरवले आणि काम सुरू झाले. तेव्हापासून मामंजींची संध्याकाळची फेरी त्याच बाजूने होते. आल्यावर ते सांगतात, आज अमुक भिंतीपर्यंत आले, आज पत्र्याआड काही दिसले नाही. सासूबाई विचारतात, "रंगमंच झाला का?" मी त्यांना एकदा विचारले, तुम्हांला एवढी घाई कशाची? त्या म्हणाल्या, "मला पिंग्यात घ्या. उभी राहीन नुसती मागं." त्यांचे वय चौऱ्याहत्तर. तालीम मात्र त्या आतापासून स्वयंपाकघरात करतात, त्यामुळे परवा दूध उतू गेले.

मंडळाच्या गेल्या सभेत ठरल्याप्रमाणे नाट्यगृहाच्या भाड्यासाठी म्हणून प्रत्येकीने शंभर रुपये वेगळे द्यावयाचे आहेत. ती रक्कम कोषाध्यक्षबाईंकडे निराळ्या डब्यात ठेवली आहे आणि दुसऱ्या कामास काढावयाची नाही. अकराजणींचे येणे बाकी आहे. सासूबाईंनी त्यांचे पहिल्याच दिवशी दिले आहेत.